झोळीला परवानगी नाही

लायसन्स आलं त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला स्वतःच्या घरात चहा करून पिता येईना. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटाला मी आतून प्लॅस्टिकचे खटके बसवले होते. दार जरासं ओढायचं, फटीत बोट घालून खटका दाबायचा आणि मग उघडायचं, एवढं साधं काम. पण दिवसभर कंपनीत कोड लिहिणाऱ्या माणसाला ते काही केल्या जमत नव्हतं. "आपण घरात राहतो की बँकेच्या लॉकरमध्ये?" असं तो रोज सकाळी विचारायचा आणि मी रोज सकाळी त्याला पत्तीचा डबा काढून द्यायचे.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. इथे आल्यानंतरची पहिली काही वर्षं मी नुसती घरात बसून काढली, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला कामाची परवानगी नसते. साताऱ्याला मी बालवाडीत शिकवत होते. खोलीभर पोरांचा गोंगाट ऐकल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर नवरा म्हणाला, आता कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर. मी म्हटलं, मी पोरं सांभाळणार, आणि तीही रीतसर लायसन्स काढून. आमच्या ओळखीत काहीजणी गुपचूप पोरं सांभाळायच्या. मला लपूनछपून काही करता येत नाही, सगळं तोंडावर दिसतं.

अर्ज केल्यावर काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची, बाई घर तपासायला आली. उंच, शांत, आवाज कधी न चढवणारी. बूट दारात काढून ती नुसत्या मोज्यांवर घरभर फिरली. नळाचं गरम पाणी थर्मामीटरने मोजलं. धुराचे अलार्म दाबून वाजवले. तळघराच्या खिडकीतून मोठा माणूस बाहेर पडू शकतो का, ते बघितलं. औषधं कुठे, साबण कुठे, जिन्याला फाटक कुठे, सगळं विचारलं. मग तिने पिशवीतून टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी काढली. जी वस्तू या नळीतून आरपार पडते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती मुलांच्या हाताला लागता कामा नये, असा हिशोब होता.

नळी घेऊन ती नेमकी माझ्या देवघरापुढे आली. घंटा गेली नाही, पण उदबत्तीचं घर, कुंकवाची कोयरी, बाळकृष्ण, सगळे एकेक करून नळीतून पार झाले. शेवटी तिने सुपारी उचलली. मी म्हटलं, "तो गणपती आहे." तिने अतिशय आदराने विचारलं, "ट्राय करू का?" मी मान हलवली. गणपती सुळकन खाली पडले. त्याच दिवशी सगळे देव वरच्या मजल्यावर आमच्या बेडरूममध्ये गेले, आणि तिथे त्यांना ऊन चांगलं मिळतं म्हणून पुढेही तिथेच राहिले.

सुरुवातीला मी खूप धुसफुसले. मग हळूहळू अंगात भिनलं. मुलांना घेऊन दर महिन्याला आग लागल्याची रंगीत तालीम करायची असायची, ती मला सणासारखी वाटायला लागली. कुणाकडे जेवायला गेले की गप्पा मारता मारता मी त्यांच्या कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवून ठेवायचे. "ही आली की आपलं घर नापास होतं," असं मैत्रिणी म्हणायच्या, पण त्याच मैत्रिणी पोरं माझ्याकडेच सोडायच्या.

दोन हजार सातच्या जानेवारीत एक मुलगी तिच्या पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. म्हणजे मला ती मुलगीच वाटली, तिशीच्या आत-बाहेरची, डोळ्यांखाली काळं, कोटाची बटणं वरखाली लागलेली. मूळची नागपूरची. ती इथे एका कंपनीत होती आणि नवरा सोमवार ते गुरुवार दुसऱ्या राज्यात क्लायंटकडे. बाळंतपणाला तिची आई आली होती, त्या आईच्या भरवशावर ती रजा संपल्यावर कामाला जायला लागली होती. आता आईचं परतीचं तिकीट फेब्रुवारीच्या मध्यावर होतं.

"ताई, ती तुमच्याकडे झोपली पाहिजे, बस एवढंच," ती म्हणाली. "खाते, खेळते, कोणाकडेही जाते. पण झोप फक्त झोळीत. नाही जमलं तर आई म्हणतेय, मी तिला घेऊन जाते. दोन वर्षांची झाली की आणून सोडते."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? तिचा पासपोर्ट, व्हिसा, सगळं रेडी आहे. दिवसभर झोपलीच नाही तर कोण ठेवून घेईल तिला? आणि जॉब सोडला तर आमचा ग्रीन कार्डचा प्रोसेस जातो." मग ती लेकीच्या टोपीची नाडी उगाच सोडून परत बांधत म्हणाली, "माझ्या ऑफिसातल्या एकीने पाठवला होता मुलाला. परत आला तर तिला 'काकू' म्हणायचा."

तेव्हा असं बऱ्याच घरांत व्हायचं. आजी-आजोबा पोराला घेऊन जायचे, आईबाप वेबकॅमवर त्याला रांगताना बघायचे. कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता, प्रत्येकाची अडचण खरी होती. पण या मुलीचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, हिची पोर विमानात बसू द्यायची नाही. मला एकदा असं वाटलं की मग मी ऐकत नाही.

अडचण झोळीचीच होती. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये तिच्या नवऱ्याने व्यायामासाठी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा बसवला होता आणि त्याला एकदाही लोंबकळला नव्हता. आजीबाईंनी त्या दांड्याला जुनी सुती साडी बांधून झक्कास झोळी केली. त्यात नात कोशात बसल्यासारखी गुंडाळून झोपायची. आणि माझ्या लायसन्समध्ये बाळाने झोपायचं ते असं: क्रिब, म्हणजे कठड्याचा छोटा पलंग, त्यात पक्की गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ उताणं. उशी नाही, दुपटं नाही, मऊ खेळणं नाही, लोड नाही. झोळीला तर परवानगी नाहीच नाही.

पहिल्या आठवड्यात त्या चिमुरडीने घर डोक्यावर घेतलं. जागी असली की गोड, खुदुखुदु हसायची. झोपायची वेळ झाली, तिला क्रिबमध्ये ठेवलं, की सुरू. पाठ टेकली न टेकली तोच असा टाहो फोडायची की बाकीची पोरंही बिथरायची. रडून रडून दमायची, दहा मिनिटं डोळा लागायचा, की परत. माझ्याकडे चार वर्षांची एक बोलघेवडी होती. तिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि ती उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची. तिसऱ्या दिवशी दोन्ही कानांवर हात ठेवून तिने मला विचारलं, "मावशी, कॅन वी रिटर्न हर?"

संध्याकाळी आई यायची, दारातच एक बूट काढून विचारायची, "झोपली?" आणि मी मानेनेच नाही म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात आजी स्वतः बघायला आल्या. मी आधी काउंटीला फोन करून विचारलं. उत्तर मिळालं की घरचं माणूस कधीही येऊ शकतं, फक्त त्यांना मुलांजवळ एकटं सोडायचं नाही. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कुणाचं तरी दप्तर चोरलं आहे. त्या नागपूरला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"म्हणजे मला मुलांजवळ एकटं सोडायचं नाही?"

"हो, काकू. नियम आहे."

"सारी जिंदगी पोरीच सांभाळल्या मी."

"मला ठाऊक आहे काकू. काउंटीला ठाऊक नाही."

त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या तशी माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. काचेच्या बांगड्या, मध्ये सोन्याच्या पाटल्या, आणि पाटल्यांना लटकवलेल्या सेफ्टी पिनांचा घोस. लहान, मोठ्या, एक तर काळी पडलेली. आपल्याकडच्या बायकांची ही सवय मला जन्मापासून माहीत, माझ्या आईच्याही हातात असायच्या. पण आता माझे डोळे बदलले होते. त्या घोसातली प्रत्येक पिन मला त्या पुठ्ठ्याच्या नळीतून खाली पडताना दिसायला लागली. "काकू, पिना काढून द्याल का?" मी म्हटलं. त्यांनी एकेक पिन काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गळ्यातलं पण काढू का?" मी म्हटलं, "राहू दे, ते नळीतून जाणार नाही." ही नळी काय भानगड आहे ते त्यांना समजावण्यात माझा पाऊण तास गेला.

मग त्यांनी माझं घर तपासलं, आणि काउंटीच्या बाईपेक्षा बारकाईने तपासलं. खिचडी चाखली आणि मीठ कमी म्हणाल्या. पोरांचे टॉवेल वेगवेगळे आहेत का ते बघितलं. गालिच्यावर गुडघे टेकून सोफ्याखाली वाकल्या आणि तिथून एक वाळलेलं द्राक्ष काढून माझ्यासमोर धरलं. मी निमूटपणे ते कचऱ्यात टाकलं. सगळं झाल्यावर त्यांनी पिशवीतून धुऊन मऊ केलेली साडी काढली आणि माझ्या घरातल्या चौकटींकडे बघायला लागल्या.

"नाही, काकू."

"अगं, पोर रडून राहिली ना! तुला ऐकू येत नाही का?"

"येतंय. पण झोळी नाही बांधता येत."

"तू झोळीतच मोठी झालीस की नाही?"

"झाले. आणि लायसन्स गेलं तर ही पाचही पोरं उद्यापासून कुठे ठेवायची त्यांच्या आयांनी?"

आमचं हे जुंपलेलं असतानाच दारावरची बेल वाजली. दारात काउंटीची बाई. ती न सांगता येऊ शकते हे मला माहीत होतं, पण नेमकी आजच येईल असं काही वाटलं नव्हतं. मागे वळून बघते तर आजींचा नूरच पालटलेला. इन्स्पेक्शन! आयुष्यभर त्यांनी तेच तर केलं होतं. साडी पिशवीत गेली, केस सारखे झाले, आणि मी बाईचा कोट घेईपर्यंत आजींनी चालता येणाऱ्या तिन्ही पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. बोलघेवडी खणखणीत आवाजात "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाली. दुपारचे बारा वाजून गेले होते.

बाई वर-खाली फिरून येईतो आजींनी मला हुकूम सोडला, "पोहे टाक. इन्स्पेक्टर उपाशी गेला तर शेरा चांगला येत नाही."

"काकू, तिला काही घेता येत नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात."

पोरांवरची नजर काढून मी पोहे करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू बशीत ठेवून पुढे केले. बाईने हसून, हात जोडून नकार दिला आणि फक्त पाणी मागितलं. आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नुसत्या पाण्यावर जाणारा इन्स्पेक्टर मी आजवर पाहिला नाही." मग मात्र त्या खुर्ची ओढून तिच्यासमोर ताठ बसल्या आणि त्यांनी थेट विषय काढला. इंग्लिश त्यांचं उत्तम होतं, भाषण करावं तसं बोलायच्या. "मॅडम, धिस चाइल्ड इज हॅबिच्युएटेड टू अ क्लॉथ क्रेडल. काइंडली ग्रँट परमिशन."

मला वाटलं, आता संपलं. पण बाईने झोळी कशी असते ते नीट विचारून घेतलं. आजींनी साडी काढून, हाताने ताणून दाखवली. बाईने ऐकलं आणि त्याच शांत आवाजात सांगितलं, की त्यात बाळाची मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि श्वास अडला तर इतक्या लहान बाळाला ना सरकता येतं ना रडता येतं. घरी तुम्ही एका बाळापाशी बसून राहता, नजर हलवत नाही. इथे हिला पाच मुलं बघायची आहेत. म्हणून इथे नाही. ती "सॉरी" म्हणाली नाही, आणि आवाजही चढवला नाही.

आजींनी साडी मांडीवर ठेवली. मी वाट बघत होते की आता भारतातल्या सगळ्या झोळ्या आणि त्यांत वाढलेली सगळी माणसं बाहेर निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "नो एक्सेप्शन्स?"

"नो एक्सेप्शन्स."

बाई गेल्यावर आजी साडीची घडी घालत मला म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर मी पोरगी आईबापाशिवाय कोणाच्या हाती देत नव्हते. सख्खा काका आला तरी नाही. लोक काय काय बोलायचे मला! एकदा तर एका नगरसेवकाला फाटकाबाहेर उभा ठेवला होता." मग जरा वेळाने, "बाई पक्की आहे. माझ्या शाळेत असती तर सुपरवायझर केली असती." त्या दिवसानंतर झोळीची साडी त्यांनी माझ्या घरी आणली नाही.

झोळीचा वाद मिटला, पण पोर काही झोपेना. आजी आता रोज यायच्या. त्यांची लेक सकाळी दोघींना सोडून ऑफिसला जायची. आजींना गाडी चालवता येत नव्हती आणि बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्या माझ्याकडेच. मदत पुष्कळ करायच्या. बोलघेवडीला त्यांनी पाढे शिकवायला घेतले. पण दुपारी मी पोरीला क्रिबमध्ये ठेवलं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि तिने पहिला सूर लावला की "बघ, बघ, रडून राहिली" करत तिला उचलायच्या. तिकीट जवळ येत होतं. लेकीने बॅगा बाहेर काढल्याचं त्यांनीच मला सांगितलं.

एका दुपारी त्या स्वच्छतागृहात होत्या. मी पोरीला क्रिबमध्ये उताणं ठेवलं, तिने सवयीने तोंड वाकडं केलं, दाराकडे बघितलं. दारात कोणी नाही. परत बघितलं. मग तिने माझं बोट धरलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटायला लागली. तेवढ्यात दारात आजी खोकल्या. पोरीचे डोळे टक्क उघडले, आणि मग जो टाहो फोडला!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण तो त्यांच्या डोक्यात कसा पाडायचा? गोड बोलून सांगणं मला कधी जमलेलं नाही. पोरगी त्यांच्या खांद्यावर हुंदके देत असताना मी म्हटलं, "काकू, झोळी नाही म्हणून ती रडत नाही. तुम्ही दिसता म्हणून रडते."

"म्हणजे मी नडतेय?"

"हो."

बोलून गेल्यावर मला वाटलं, जरा दमाने बोलले असते तर बरं झालं असतं. आजींनी पोरीला माझ्या हातात दिलं. खुंटीवरचं माझ्या नवऱ्याचं जाडजूड जाकीट साडीवर चढवला, बर्फातले बूट घातले आणि दार उघडून बाहेर गेल्या. मी "काकू, अहो काकू" करत राहिले. पोरांना सोडून मला मागे जाता येत नव्हतं.

पोरीला क्रिबमध्ये ठेवून मी शेजारी बसले आणि तिच्या पोटावर हळूहळू थोपटायला लागले. ती रडत होती, आणि माझं अर्धं लक्ष खिडकीकडे. बर्फातून ते निळं जाकीट एकदा डावीकडून उजवीकडे गेलं. थोड्या वेळाने परत डावीकडून उजवीकडे. म्हणजे आजी माझ्या घराला प्रदक्षिणा घालत होत्या. या पडल्या, हाड मोडलं, तर यांच्या लेकीला मी काय तोंड दाखवू, याच धास्तीत मी थोपटत राहिले. रडणं मोठं झालं, मग लहान झालं. मग नुसते उसासे. मग दोन्ही हात डोक्याच्या बाजूला टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ती उताणी गाढ झोपली. बोलघेवडी चवड्यांवर येऊन बघून गेली आणि कुजबुजली, "मावशी, शी इज डन."

मी खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि हाताने खूण केली. आजी आत आल्या. नाक लाल, निऱ्यांना बर्फ चिकटलेला. जाकीट-बूट काढून, मोज्यांवर चालत त्या क्रिबपाशी आल्या आणि वाकून बघत राहिल्या. पोरीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघितला. "थंडी नाही वाजत का गं हिला?" असं पुटपुटत त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिच्या अंगावर घालायला धरली. मी काही बोलणार होते. पण त्या स्वतःच थांबल्या, आणि शाल परत आपल्याच अंगावर लपेटून घेतली.

मला आनंद झाला होता, अगदी नाचावंसं वाटत होतं. पण मग त्यांच्याकडे बघितलं. त्या तिथे उभ्या होत्या आणि त्यांची नात त्यांच्यावाचून झोपली होती.

"आजचं लेकीला सांगू नको," त्या म्हणाल्या. "उगाच आशा लावायची नाही. पक्कं होऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून झोपायची वेळ झाली की आजी आपणहून जाकीट चढवायच्या. शेजारचा म्हातारा गोरा गृहस्थ मशीनने बर्फ काढायचा, त्याने पहिल्यांदा काळजीने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, काही हरवलं आहे का? आजींनी त्याला उभ्या उभ्या सगळा किस्सा सांगितला. पुढच्या दिवशी बघते तर त्याने माझ्या घराभोवती मशीन फिरवून आजींसाठी गोल वाट करून ठेवली होती. साडीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट घालून त्या वाटेवर त्या फेऱ्या मारायच्या, आणि त्यांचा पाय घसरू नये म्हणून तो मागून बर्फावर मीठ टाकत चालायचा. नवरा म्हणाला, "माझं जाकीट मला परत कधी मिळणार?" मी म्हटलं, "पोर झोपू दे आधी."

पोर झोपत होती. एक दिवस उशिरा, एक दिवस जरा कुरकुरत, पण रोज झोपत होती, उताणी, रिकाम्या क्रिबमध्ये. मी मात्र आतून उकळत होते. संध्याकाळी लेक यायची, "झोपली?" विचारायची, आणि आजी मी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "बघू." माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. पक्कं तर झालं होतं, मग ही बाई सांगत का नाही? नातीला घेऊन जायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं. गप्प राहिल्या की काम फत्ते. मी ठरवलं, अजून एक दिवस थांबायचं, नंतर मी सांगणार, मग काकू रुसल्या तरी चालेल.

त्या दिवशी संध्याकाळी लेक दारात आली ती विचारायच्या आधीच बोलायला लागली. "आई, ट्रॅव्हल एजंटचा फोन होता. तिचं तिकीट आज इश्यू करायचं का विचारतोय. शेवटचा दिवस आहे." एक बूट पायात, एक हातात, आणि नजर जमिनीवर. "करू ना?"

आजी नातीला मऊ भात भरवत होत्या. त्यांनी तिचं तोंड पुसलं, तिला माझ्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्याकडचं कॉलिंग कार्ड दे जरा. तिकडे उजाडलं असेल, हे उठलेले असतात."

भारतात स्वस्तात फोन करायचं ते कार्ड मी दिलं. त्यांनी चष्मा लावून तो भलामोठा नंबर दाबला, चुकला, परत दाबला. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. तिकडे नागपुरात फोन उचलला गेला.

"अहो, मी बोलतेय. ऐकू येतंय ना? हं. ऐका, मी एकटीच येतेय."

लेकीच्या हातातला बूट खाली पडला.

"नाही, आजारीबिजारी काही नाही. छान आहे. झोपायला लागली ती इथे. हो, आपली आपण. उताणी झोपते, माझी गरज नाही पडत." आजी जरा थांबल्या. "काय? पाळणा रंगवून घेतला? कधी? मला बोलला नाहीत... असू द्या, असू द्या."

लेक येऊन त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसली होती आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती, हसतही होती. आजी एका हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी घट्ट धरून होत्या. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नसावं.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "असं काय करता? मी येतेय ना."